हत्तीचा कान आणि २ जीबीचा फोन : एसव्हीजी अ‍ॅनिमेशन आठ महिने वापरल्यावर

मुलांना मुळाक्षरं गिरवायला शिकवणारी एक छोटी वेबसाइट मी आठ महिने एकटाच सांभाळतोय. पानावर अक्षर आपोआप उमटतं, शेजारी त्याचं चित्र हलतं. सगळं एसव्हीजीतच (ठिपक्यांऐवजी रेघा-आकारांच्या सूत्रांनी लिहिलेल्या, म्हणजे वेक्टर चित्रांत) करायचं, हा सुरुवातीचा हट्ट. फाइल लहान, कुठल्याही स्क्रीनवर कड स्वच्छ, रंग बदलायचा तर कोडमध्येच. हट्ट निम्मा टिकला.

टिकलेला निम्मा म्हणजे अक्षरं. इथे एसव्हीजीला तोड नाही. रेघेची पाथलेंग्थ (एकूण लांबी) १ धरायची, डॅशअ‍ॅरे (तुटक रेघेच्या तुकड्याची लांबी) १ ठेवायचा आणि डॅशऑफसेट (तो तुकडा किती सरकवायचा ते) १ वरून ० वर आणायचा, की रेघ उमटत जाते. गोची अशी की फॉन्टमधल्या अक्षराला मधली रेघ नसतेच, असते ती बाहेरची कड. त्यामुळे माझा पहिला ‘अ’ ताटाच्या काठाने मुंगी फिरावी तसा निघाला. भाचीने निकाल दिला, “मामा, याला लिहिता येत नाही.” मग प्रत्येक अक्षराची मधली रेघ हात फिरतो त्या क्रमाने स्वतः काढली, शिरोरेघ शेवटी, आणि फॉन्टची कड क्लिपपाथ म्हणून, म्हणजे बाहेरचं झाकणारा साचा म्हणून, लावली. दोन आठवडे मान मोडली, पण ही अक्षरं टीव्हीवर उघडली तरी फाटत नाहीत.

हट्ट मोडला ‘ह’च्या हत्तीने. मूळ चित्र जलरंगातलं. ट्रेसिंगच्या (चित्र वेक्टरमध्ये उतरवणाऱ्या) सॉफ्टवेअरने त्याचे शेकडो वेडेवाकडे आकार केले. जीझिपने दाबल्यावर फाइल पीएनजीपेक्षा, म्हणजे ठिपक्यांच्या (बिटमॅप) चित्रापेक्षा, लहान भरली, म्हणून मी खूश. लॅपटॉपवर कान झकास हलायचा. आईच्या २ जीबी रॅमच्या जुन्या अँड्रॉइडवर मात्र हत्तीला ताप आल्यासारखं वाटत होतं. ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये पेंट फ्लॅशिंग (नव्याने रंगवला जाणारा भाग हिरवा दाखवणारी सोय) चालू केलं, तर हलतोय फक्त कान आणि हिरवं होतंय अख्खं चित्र. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात ते सगळे आकार नव्याने भरायचे, तेही दर खेपेला. फाइल लहान म्हणजे काम थोडं, हा माझा समज तिथे संपला.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. हत्तीच्या ४८ फ्रेम, प्रत्येक ८०० बाय ८०० पिक्सेल, एकाच स्प्राइटशीटवर (सगळ्या फ्रेम शेजारी शेजारी मांडलेलं एकच मोठं चित्र), वेबपी या दाबलेल्या बिटमॅप प्रकारात. डाउनलोड आटोपशीर होतं. पण चित्र उलगडल्यावर मेमरीत एका पिक्सेलला ४ बाइट लागतात, फाइल कितीही दाबलेली असो. ८०० × ८०० × ४ × ४८, म्हणजे जवळजवळ १२३ एमबी. एका हत्तीचे! आईच्या फोनवर टॅब मुकाट्याने मरायचा आणि पान पुन्हा पहिल्यापासून उघडायचं. हिशेब कागदावर आधी केला असता तर आठवडा वाचला असता.

आज जे चालतंय ते सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांच्या जातीचं आहे. धड, कान, सोंड, शेपटी असे वेबपीचे सुटे तुकडे, आणि प्रत्येकाला फक्त ट्रान्सफॉर्म (सरकवणं, फिरवणं, लहानमोठं करणं). तुकडा एकदाच रंगवला जातो, पुढे जीपीयू (चित्रांसाठीचा प्रोसेसर) तो नुसता फिरवतो. जलरंगाचा पोतही शाबूत राहतो. विल-चेंज (हा भाग हलणार आहे, वेगळा थर ठेव, असं ब्राउझरला सांगणारी सीएसएसची सूचना) मात्र जपून वापरा. मी ते सगळीकडे फासलं होतं. क्रोममध्ये लहान आकारात रंगवलेला थर मोठा केला, की तो तसाच ताणला जातो आणि एसव्हीजीसुद्धा धूसर दिसतं. वेक्टर असून धूसर का, हे शोधण्यात माझा रविवार गेला.

शाबासकीचा तारा लॉटीत, म्हणजे जेसन या मजकुरी फाइलमधून अ‍ॅनिमेशन चालवणाऱ्या प्रकारात आहे. (हे नाव लोटे राइनिगर या जर्मन अ‍ॅनिमेटरवरून आलं. त्या कागदाच्या कापलेल्या आकृत्या हलवायच्या, म्हणजे पुन्हा बाहुल्याच.) आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधून प्लगइनने जेसन निघतं, ही सोय मोठी. पण एका ताऱ्यासाठी अख्खी लायब्ररी उतरवणं जिवावर येतं, म्हणून हलकी आवृत्ती घेतली. ती सेकंदाला मूळ २४ फ्रेमच्या मधल्या जागाही भरत बसते. हे भरणं ठरवणारं सेटसबफ्रेम बंद केल्यावर जुन्या फोनला श्वास मिळाला. बाहेरून करून घेतलेली एक ‘वेक्टर’ फाइल संशयास्पद जड वाटली म्हणून उघडली, तर आत बेस६४ केलेले (अक्षरांच्या रूपात लिहिलेले) पीएनजी! म्हणजे बिटमॅपच, वर तिसरा हिस्सा फुगलेला.

‘प’चा पाऊस अजून जमलेला नाही. तो कॅनव्हासवर (पानातल्या ठिपक्यांच्या फळ्यावर, जिथे कोड चित्र काढतो) आहे. थेंब एकदाच वेगळ्या कॅनव्हासवर काढून ड्रॉइमेजने (तयार चित्र उमटवणाऱ्या आज्ञेने) शिंपडतो. दर थेंबाला नवा पाथ काढण्यापेक्षा हे बरंच हलकं पडलं, तरी आईचा फोन त्या पानावर गरम होतोच. थेंब निम्मे केले, तर भाची म्हणते, हा पाऊस नाही, नळ गळतोय.