गायरान वाचवायचंय: अभयारण्य की संवर्धन राखीव?

उत्तर सोलापुरातल्या एका ग्रामपंचायत सदस्याने विचारलं, माळरानावर काळविटं आहेत, लांडगाही दिसतो, मग कोणता दर्जा मागावा?

आधी जमीन कोणाची ते बघा. १९७९ साली नान्नजच्या माळढोक (माळरानावरचा मोठा, दुर्मीळ पक्षी) अभयारण्याचं क्षेत्र होतं तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावं आली, खाजगी शेतं आली. खरेदी-विक्री अडली, माळढोकाचं नाव काढलं की शेतकरी चिडायचा. पुढे क्षेत्र फार कमी केलं, पण तोवर माणसं दुरावली होती. पक्ष्याला हे सर्वांत महागात पडलं असं माझं ठाम मत आहे. संवर्धन राखीव (कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह) हा संरक्षित क्षेत्राचा दर्जा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २००२ च्या दुरुस्तीने आला, तो फक्त सरकारी जमिनीवर. कोणाच्या सातबाऱ्याला हात लागत नाही.

चराई: अभयारण्यात वनखातं ती रोखू शकतं. राखीवमध्ये जायला परवाना लागत नाही. मेंढपाळांसाठी हा फरक फार मोठा.

शब्द कोणाचा? राखीवच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी कायद्यानेच असतो. समिती सल्ला देते, हुकूम नाही.

टिकाऊपणात मात्र अभयारण्य सरस. राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या शिफारशीशिवाय त्याची हद्द बदलता येत नाही.

माळढोकासारखा संपत चाललेला पक्षी असेल आणि जमीन आधीच वनखात्याची असेल, तर अभयारण्यच हवं. काळवीट-लांडग्याच्या गायरानाला, जिथे मेंढरंही चरतात, संवर्धन राखीव मागा, आणि ग्रामसभेचा ठराव आधी करून ठेवा.