नॅस्टी म्हणजे फक्त घाणेरडा नाही राव! कॉलेज रोडच्या एका इंग्लिश क्लासचा रिव्ह्यू

आधी रेटिंग सांगून टाकतो म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढं सरकावं. पाचपैकी साडेतीन. त्यातले अडीच एकट्या मॅडमचे आणि उरलेला एक खालच्या चहावाल्याचा. क्लासचं नाव टाकणार नाही, कारण थोडं वाईटपण लिहायचंय आणि मला त्या रस्त्यानं दर आठवड्याला जावं लागतं. नाशिकच्या कॉलेज रोडला असे कितीतरी क्लास आहेत, त्यातलाच एक समजा.

मी क्लासला का गेलो ते सांगितल्याशिवाय रिव्ह्यू कळणार नाही. वय माझं ४४, काम पिंपळगावकडच्या एका द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये, डॉक्युमेंट बघतो, म्हणजे इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटो (मालात कीड-रोग नाही असा दाखला) आणि युरोपच्या बायरला मेलामेली. इंग्रजी आपली कामापुरती, प्लीज फाइंड अटॅच्ड आणि काइंडली डू द नीडफुल. एवढ्यावर अकरा वर्षं निघाली. मग एका सीझनला काढणीच्या ऐन तोंडावर अवकाळी पाऊस झाला, मण्यांनी पाणी ओढलं, वरून काही दिसत नव्हतं पण बारीक तडे गेलेले, आणि त्यात लाल समुद्रात जहाजांवर हल्ले व्हायला लागले त्या भानगडीमुळं जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागलेली, म्हणजे माल जास्त दिवस डब्यात. व्हायचं तेच झालं. हॉलंडच्या बायरचा मेल आला की कंटेनर उघडला आणि वी हॅड अ नॅस्टी सरप्राइज, सोबत फोटो, चार पॅलेटमधले मणी फुटलेले, देठ चॉकलेटी.

आमचे मालक, त्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांनी तो मेल फोनमध्ये टाकून मराठी करून घेतला. तिथं काय आलं, तर 'घाणेरडे आश्चर्य'. नाना लाल. "आपल्या मालाला घाणेरडा म्हणतो काय रे तो? तीस वर्षं बाग केली आपण, लिही त्याला." मीही तापलेलो, लिहिलं की अवर ग्रेप्स आर नॉट नॅस्टी, युवर लँग्वेज इज नॅस्टी. पाठवून पण दिलं. दोन दिवस तिकडून काही नाही. तिसऱ्या दिवशी बायरचा फोन, बिचारा गोंधळलेला, आय वॉज नॉट बीइंग नॅस्टी टू यू असं दोनदा म्हणाला, आणि मला ते वाक्यही धड कळलं नाही. क्लेम शेवटी मिटला, पण जो विषय अर्ध्या तासात मिटला असता त्याला तीन आठवडे लागले. नाना म्हणाले, "तू जा क्लासला, फी मी भरतो."

फी साडेसात हजार, दोन महिने, शनिवार-रविवार.

पहिल्या महिन्याचं तर विचारू नका. डेमो लेक्चरला सांगितलं होतं पंधराची बॅच, आत गेलो तर बेचाळीस जण, मी मोजले, कारण मोजण्याशिवाय दुसरं काही करायला नव्हतं. एसी आहे पण तो फक्त ऑफिसात. सर माइकवर ओरडून शिकवतात, 'कॉन्फिडन्स' हा शब्द एका तासात किमान वीस वेळा. रोज वीस शब्द पाठ करायचे, त्याची झेरॉक्स देतात, दोन कॉलम, डावीकडं इंग्रजी उजवीकडं मराठी. त्यात माझा शब्द सापडला. नॅस्टी बरोबर घाणेरडा, ओंगळ. संपलं. म्हणजे नानांचा फोन जे सांगत होता तेच साडेसात हजार देऊन परत. त्या दिवशी चहा पिताना ठरवलेलं की सोडून द्यावा क्लास.

दुसऱ्या महिन्यात सर रविवारी कुठंतरी दुसऱ्या ब्रँचला जायला लागले आणि रिटायर झालेल्या एक मॅडम आल्या. माइक बाजूला ठेवला, ब्राउन पेपरचं कव्हर घातलेली जाडजूड डिक्शनरी टेबलावर ठेवली आणि विचारलं, कुणाला कुठला शब्द नडलाय का? काका म्हणून मलाच आधी उठवलं. मी कंटेनरची स्टोरी सांगितली, अख्खा वर्ग हसला, मॅडम हसल्या नाहीत. फळ्याच्या मधोमध नॅस्टी लिहिलं आणि म्हणाल्या की याचा अर्थ विचारू नका, हा कुणाला चिकटलाय ते विचारा.

आणि मग एक तास नुसती धमाल. समोर एक सिस्टर बसायच्या, सिव्हिलला ड्युटी. त्यांनी वाक्य दिलं, पेशंट हॅज अ नॅस्टी कट. मॅडम म्हणाल्या, हा कट घाणेरडा आहे का? सिस्टर म्हणाल्या नाही, स्वच्छ आहे, पण खोल आहे. मग नातेवाइकाला मराठीत काय सांगता? सिस्टर पटकन बोलून गेल्या, "चांगलंच लागलंय." वर्ग एकदम गप्प. म्हणजे बघा, इंग्रजीत नॅस्टी आणि आपण त्याच जागी म्हणतो चांगलंच! कुठल्या झेरॉक्समध्ये मिळणारे हे?

मग एकेक करत फळा भरला. नॅस्टी स्मेल म्हणजे कुबट किंवा घाण वास, इथं झेरॉक्स बरोबर. नॅस्टी कफ म्हणजे चिवट खोकला. नॅस्टी फॉल म्हणजे जोरात आपटलेला. नॅस्टी कमेंट म्हणजे कुजकट बोलणं, खवचटपणा. माणसाशी नॅस्टी वागणं असेल तर पुढं 'टू' येतो, 'विथ' नाही, आपण मराठीतून विचार करतो 'माझ्याशी' म्हणून विथ लावतो. तेव्हा मला बायरचं फोनवरचं वाक्य कळलं, तो बिचारा म्हणत होता की मी तुम्हाला टाकून बोलत नव्हतो हो. मीटिंग टर्न्ड नॅस्टी म्हणजे बोलता बोलता प्रकरण चिघळलं. चीप अँड नॅस्टी हे ब्रिटिश लोक फार म्हणतात, स्वस्तातलं आणि टुकार, झेरॉक्स आठवली मला. आणि मी निफाडजवळचा, आमच्याकडं थंडीत पारा कुठल्या कुठं जातो, म्हणून मी हौसेनं वाक्य दिलं की इन निफाड वी हॅव नॅस्टी कोल्ड. मॅडम म्हणाल्या काका, ही सर्दी झाली, अख्ख्या निफाडचं नाक गळतंय. थंडीसाठी नॅस्टी वेदर म्हणा.

सगळ्यात जास्त फसवणारं म्हणजे नॅस्टी पीस ऑफ वर्क. अंबडच्या एका कंपनीतला पोरगा होता क्वालिटीला, तो म्हणाला म्हणजे खराब जॉब, रिजेक्शन. मीही तेच समजलो असतो. तर नाही, ते माणसासाठी आहे, आतल्या गाठीचा, दुसऱ्याचं वाईट करणारा माणूस. पोराचा चेहरा उतरला, कारण त्यानं म्हणे आदल्याच महिन्यात सप्लायरला मेल केलेला, युवर सुपरवायझर हॅज सेंट नॅस्टी पीस ऑफ वर्क. पुढं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही.

मॅडमनी शब्दाची जन्मकुंडली पण सांगितली, मला ते आवडलं. साधारण १४०० च्या आसपासपासून हा शब्द इंग्रजीत सापडतो आणि तेव्हा खरंच घाण, मळकट एवढाच अर्थ. सतराव्या शतकात हवेला लागला, आणि माणसाच्या स्वभावाला चिकटला तो त्याच्याही बऱ्याच नंतर. आला कुठून यावर विद्वानांचं एकमत नाही, एक तर्क असा की डच भाषेतल्या 'नेस्टिख' सारख्या शब्दाशी नातं असावं, पाखराच्या घरट्यासारखं घाण या अर्थानं. डच! म्हणजे आमच्या बायरच्याच घरचा शब्द निघाला तर काय सांगावं. आणि याच्या उलट जो नाइस, तो लॅटिनमधून आला तेव्हा त्याचा अर्थ होता अडाणी, मूर्ख. पुढं सरकत सरकत छान झाला. आता व्हॉट्सॲपवर कुणी नाइस टाकलं की मी हसतो.

आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी जायला लागणाऱ्या इंग्रजी परीक्षेची, तयारी करणारी एक मुलगी होती, तिनं विचारलं की मग रील्समध्ये बॅटिंग बघून नॅस्टी शॉट म्हणतात ते शिवी कशी? तर ती शिवी नाहीच, अमेरिकन पोरं बेसबॉलच्या अवघड बॉलला, बास्केटबॉलमधल्या भारी डंकला कौतुकानं नॅस्टी म्हणतात. यात आश्चर्य काय, आपण नाही का म्हणत भयंकर सुंदर, खतरनाक मिसळ? मिसळ खतरनाक असली तरच आपण लाइनमध्ये उभे राहतो. त्याच शब्दाला एक चावट अर्थही आहे, मॅडम म्हणाल्या तो तुमचा तुम्ही शोधा, फक्त मुलाखतीत वापरू नका.

राजकारणही झालं थोडं. १९ ऑक्टोबर २०१६ च्या अध्यक्षपदाच्या डिबेटमध्ये ट्रम्प हिलरी क्लिंटनना सच अ नॅस्टी वुमन म्हणाले, तर अमेरिकेतल्या बायकांनी तोच शब्द टीशर्टवर छापून मिरवला. तिकडं इंग्लंडमध्ये हुजूर पक्षाच्या थेरेसा मेंनी २००२ साली आपल्याच पक्षाला सुनावलं होतं की लोक आपल्याला नॅस्टी पार्टी म्हणतात. दोन्हीकडं अर्थ घाणेरडा नाही बरं का, एकीकडं कजाग-खवचट असा हिणवलेला, दुसरीकडं निर्दय, कोरड्या मनाचा.

पण माझ्या कामाची गोष्ट शेवटच्या दहा मिनिटांत निघाली. मी विचारलं, मग नॅस्टी सरप्राइजला मराठीत म्हणायचं काय? मॅडम म्हणाल्या, तुम्ही कंटेनर उघडला असता तर काय म्हणाला असता? म्हटलं, "आयला, हे काय झालं भलतंच." म्हणाल्या, झालं, तेच. आणि वर सांगितलं की हा बोलीतला शब्द आहे, ज्याच्याशी ओळख आहे त्यालाच असं लिहितात, म्हणजे तो बायर तुमच्याशी मोकळेपणानं बोलत होता. खरंच चिडलेला असता तर एकदम सभ्य झाला असता, डिसॲपॉइंटेड लिहिलं असतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे अनॲक्सेप्टेबल. ज्या मेलमध्ये अनॲक्सेप्टेबल येतो त्या मेलला घाबरा. अकरा वर्षं मी उलटं करत आलो होतो राव. अनॲक्सेप्टेबल आला की 'नोटेड सर' आणि नॅस्टी आला की भांडण.

उच्चाराचंही सांगतो, आपण म्हणतो नॅस्टी, ते अमेरिकन पद्धतीचं, चालतं. लंडनकडचे लोक नास्टी म्हणतात, ना लांब. मी घरी येऊन प्रॅक्टिस करत होतो नास्टी वेदर, नास्टी स्मेल, तर आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "काय नासलं रे?" मी हसलो पण मग डोक्यात बसलं. दोन शब्दांचं नातं काही नाही, आपलं नासणं नाशावरून आलेलं, पण काम बघा किती जुळतं. दूध नासतं, आंबा नासका निघाला की आढी जाते, बोलणं नासतं, आणि नासका माणूस तर प्रत्येक भावकीत एक असतोच. सगळीकडं बसतं असं नाही, जखमेला नासकी म्हटलं तर सिस्टर मारतील, पण घाणेरडापेक्षा केव्हाही जवळचं. पुढच्या रविवारी मॅडमना सांगितलं तर त्यांनी डिक्शनरीच्या समासात पेन्सिलनं लिहून घेतलं. साडेसात हजार तिथंच वसूल झाले माझे, म्हणजे नानांचे.

आता तक्रारी. मॅडम फक्त रविवारी असतात, शनिवारी परत तोच माइक. फी एकरकमी आणि रिफंड नाही, पावतीच्या मागं बारीक अक्षरात लिहिलंय, पुढून दिसत नाही. पार्किंग शून्य, मी दोनदा गाडी टो करून घेतलीये, त्यामुळं गाडी लांब लावून चालत या. बाथरूमबद्दल लिहीत नाही, तिथं झेरॉक्समधला अर्थ शंभर टक्के लागू पडतो. काउंटरवरच्या ताई फोनवर गोड आणि पैसे भरले की ओळख विसरतात. सर्टिफिकेटवर माझं आडनाव चुकवलं, दुरुस्तीचे शंभर रुपये मागितले. आता यात कुठला नॅस्टी लावायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

चहावाला मात्र एक नंबर, आलं ठेचून घालतो, पावडर नाही.

जायचं असेल तर भरायच्या आधी स्पष्ट विचारा की रविवारी मॅडम आहेत का, आणि 'बघू, ॲडजस्ट करू' म्हणाले तर सरळ खाली येऊन चहा प्या आणि घरी जा. पैसे वाचवायचे असतील तर सार्वजनिक वाचनालय आहे की, १८४० पासूनचं, तिथं डिक्शनऱ्या बघायला मिळतात, फक्त हसवणाऱ्या सिस्टर तिथं नसतात. आणि क्लासवाले नोट्सचे वेगळे चारशे मागतात ते देऊ नका. माझा अख्खा संच पडून आहे, पॅकहाउसला येऊन फुकट घेऊन जा, नाहीतरी क्रेटखाली घालायलाच वापरतोय.