बोन्सायच्या बियांचा ‘बायबॅक’: नागपूरकरांनो, सांभाळून

‘बोन्सायचं बी’ म्हणून कुणी पाकीट विकत असेल, तर तिथूनच मागे फिरा. असं बी नसतं. चिंचोक्यातून चिंचच येते, मोकळी सोडली तर घरावरून जाणारी. तिला ट्रेमध्ये ठेंगणं ठेवतात ते कात्री, तार आणि दर काही वर्षांनी छाटलेली मुळं. माझ्या गच्चीवर वडाचं आणि उंबराचं बोन्साय आहे, त्यामुळे एवढं मला ठाऊक होतं. माझे पैसे गेले ते करारात.

हिवाळ्यात शहरातल्या एका प्रदर्शनात हा स्टॉल होता. गोरखचिंचेचं, म्हणजे बाओबाबचं बी, थेट आफ्रिकेतून आणलेलं. घरी रोपं वाढवा, सहा महिन्यांनी एकेक रोप 1,200 रुपयांना आम्हीच परत घेऊ, हा त्यांचा ‘बायबॅक’ करार. पन्नास बिया, ट्रे, माती आणि कसलंसं ‘बूस्टर’ मिळून 8,500 रुपये. स्टॉलवर मांडलेली झाडं सुरेख होती, बुंधे गलेलठ्ठ. “काका, रिटायरमेंटनंतर बसल्या जागी इन्कम,” असं तो पोरगा म्हणाला. बोलायला मोठा गोड.

गोरखचिंच निवडण्यात त्यांची हुशारी होती. बोन्सायवाल्यांना तिचा फुगीर बुंधा आवडतो, नागपूरचं ऊन तिला सोसतं, आणि तिचं बी आपल्यातल्या फार थोड्यांनी हातात घेतलेलं असतं. खरं बी राजम्याच्या घाटाचं, काळपट, जाड कवचाचं. माझ्या पाकिटातलं चपटं, चकचकीत तपकिरी, एका टोकाला निमुळतं, आणि दोन्ही अंगांवर नखाने ओढल्यासारखी बारीक वळलेली रेघ.

थंडी सरल्यावर बिया गरम पाण्यात भिजवून पेरल्या. बघता बघता उगवल्या. पानं निघाली ती पिसासारखी, बारीक दलांची, संध्याकाळी मिटणारी. गोरखचिंचेच्या रोपाला सुरुवातीला साधं, अखंड पान येतं. पुढे ते हाताच्या बोटांसारखं विभागतं. फोन केला, तर उत्तर आलं: “बोन्साय व्हरायटी आहे काका, पान नंतर बदलतं.” अक्षय तृतीयेला काटोलहून माझा साळा आला. ट्रेकडे पाहून हसतच सुटला. “भाऊजी, हे तं सुबाभूळ होय! आमच्या धुऱ्यावर बकऱ्या खाऊन ऱ्हायल्या, अन् तुम्ही ट्रेमंदी पोसून ऱ्हायले!”

पण बी खरं असतं तरी पैसे बुडालेच असते, आणि मला सांगायचं आहे ते हेच. कराराच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात अट होती: परत घेताना रोपाची उंची नऊ इंचांपेक्षा जास्त नको आणि बुंधा किमान एक इंच जाड हवा. बोन्साय केलेल्या कुणालाही विचारा. बुंधा जाड होतो तो झाड मोकळं वाढू दिल्यावर, जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत, काही वर्षं. मग वरून कापायचं, पुन्हा वाढू द्यायचं, पुन्हा कापायचं. उथळ ट्रेमध्ये सतत खुडत राहिलात तर रोप पेन्सिलीएवढंच राहतं. म्हणजे उंची सांभाळली तर जाडी येत नाही, आणि जाडीसाठी वाढू दिलं तर उंचीवर रोप नापास. अट लिहिणाऱ्याला झाडांची चांगलीच जाण होती, एवढं मानावं लागेल.

मुदत भरल्यावर माणूस आला नाही, व्हॉट्सॲपवर फोटो मागवले. “बुंधा भरला नाही, 1,800 चं ग्रोथ किट घ्या, मुदत वाढवून देतो.” ते घ्यायला नकार दिल्यापासून नंबर बंद.

पैसे यूपीआयने दिले होते आणि क्यूआर निघाला कुणाच्या तरी वैयक्तिक खात्याचा. पावतीवर जीएसटी क्रमांक नाही, पत्ता म्हणजे फक्त ‘नागपूर’. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वरही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी लागत नाही. मात्र रोपं परत विकून नफा कमवायचा म्हणून माल घेतला होता, हे धरून समोरचा ‘हा ग्राहकच नाही’ असा मुद्दा काढू शकतो, असं एका ओळखीच्या वकिलांनी बजावलंय. बायबॅकच्या जाळ्यात ही आणखी एक मेख.

ज्यांना खरंच बियांपासून करून पाहायचंय, त्यांना एक रुपयाही लागत नाही. चिंचोका एका कडेला कानशीने थोडा घासा, रात्रभर पाण्यात ठेवा, साध्या कुंडीत लावा. ट्रेची घाई नको. मेअखेरीच्या कडक उन्हात, नवतप्यात, उथळ ट्रेमधली माती दुपारच्या आतच कोरडी होते. वड-पिंपळाचं बी खसखशीसारखं बारीक, ते पेरत बसण्यापेक्षा गच्चीच्या भेगेत पाखरांनी उगवलेलं रोप मुळासकट काढलेलं बरं.

थंडी पडली की प्रदर्शनं पुन्हा लागतील. असा करार ज्यांच्याकडे आहे त्यांनी स्वतंत्र तक्रार करा आणि पैसे ज्या यूपीआय आयडीवर गेले तो त्यात लिहा. एकाच आयडीवर चार तक्रारी जमल्या, तर खातं गोठवायला तपासणाऱ्यांच्या हाती काहीतरी लागेल.