मैनाची नसबंदी: चौदा महिन्यांनंतर लिहितेय

आमच्या कुत्रीची, मैनाची, शस्त्रक्रिया होऊन चौदा महिने झाले. पंधरा दिवसांत लिहायला बसले असते तर ‘करू नका, कुत्री बदलते’ असं लिहिलं असतं. पाच महिन्यांनी लिहिलं असतं तर ‘आळशी होते’ असं. दोन्ही चुकीचं ठरलं असतं, म्हणून थांबले.

दवाखान्यात विचारायचा माझा प्रश्न एकच होता: हिचा स्वभाव बदलेल का? भूल, टाके, जखम यांची धास्ती होतीच, पण ते डॉक्टरांच्या हातात असतं. स्वभावाचं काय? मैना तेव्हा तीन वर्षांची, सव्वाचौदा किलोची, कुठल्याही एका जातीची नसलेली. हिला काही हवं असलं की ही भुंकत नाही. समोर येऊन बसते आणि उजवा पंजा आपल्या पावलावर ठेवते. नुसता ठेवते, ओरबाडत नाही. छत्री उघडली की पलंगाखाली. हेल्मेट घातलेला माणूस दिसला की, मग तो माझा सख्खा भाऊ का असेना, घर डोक्यावर घेते. आई म्हणाली, “आतून रिकामी करून आणशील आणि मग ती आपल्याकडे बघायचीही नाही.” त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

पहिल्या दवाखान्यात मला लगेच येत्या शनिवारची वेळ मिळाली. उपाशी आणा, संध्याकाळी घेऊन जा. स्वभावाचं विचारलं तर उत्तर आलं, “शांत होते, बरंच आहे की.” मला ती शांत व्हायला नको होती. मला ती मैनाच हवी होती. शनिवारी मी गेले नाही.

दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी तिला टेबलावर घेतलंच नाही. स्वतः जमिनीवर बसल्या, हात मोकळा सोडला आणि मैना येऊन वास घेईपर्यंत माझ्याशीच बोलत राहिल्या. शेवटची हीट, म्हणजे माजाचा काळ, कधी संपली? हल्ली घरात काही गोळा करून ठेवते का? कुणाला घाबरते? दुसऱ्या प्रश्नाला मी चमकलेच. आठवडाभर मैनाने कपाटामागे बिऱ्हाड मांडलं होतं. रबराचं बदक, माझ्या मुलाचा एक मोजा, फाटक्या उशीचा अभ्रा. मुलगा मोजा उचलायला वाकला तेव्हा ती त्याच्यावर गुरगुरली होती, आयुष्यात पहिल्यांदा. आम्ही तिला रागावलो होतो, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

बाईंनी तिला कुशीवर निजवलं आणि मागच्या बाजूचं एक सड दोन बोटांत हलकेच दाबलं. हातमोज्यावर दुधाचा थेंब आला. पांढरा, दाट, टाचणीच्या डोक्याएवढा. मैनाला पिल्लं कधीच झालेली नाहीत.

“आत्ता करायचं नाही,” त्या म्हणाल्या.

त्यांनी जे समजावलं त्यासाठीच खरं तर मी हे लिहितेय. कुत्रीला साधारण सहा-सात महिन्यांनी हीट येते, दोन-तीन आठवडे चालते. ती ओसरल्यावर गाभ राहिला असो वा नसो, अंगातलं प्रोजेस्टेरॉन (गाभ टिकवणारं हार्मोन) पुढचे दोनेक महिने चढलेलं असतं. मग ते उतरतं, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) वाढतं, आणि काही कुत्र्या पिल्लं झाल्यासारख्या वागू लागतात. दूध येतं, कोपरा धरतात, खेळणी राखतात, जवळ येणाऱ्यावर गुरगुरतात. आपोआप ओसरणारी ही अवस्था, पण ऐन त्या काळात अंडाशयं काढली तर प्रोजेस्टेरॉन एका फटक्यात खाली येतं आणि हा खोटा गाभ रेंगाळू शकतो. मग कुत्री चिडकी झाली की घरचे म्हणतात, ऑपरेशनने स्वभाव बिघडला. चूक वेळेची असते. हीट संपून दोन-तीन महिने झाले, दूध पूर्ण आटलं, की करायचं. मैनाच्या हीटला तेव्हा सात आठवडे झाले होते. म्हणजे शनिवारी मी तिला नेलं असतं तर नेमकं नको त्या वेळी नेलं असतं.

तिसऱ्या प्रश्नाचं कारणही त्यांनी सांगितलं. १९९० मध्ये ओ’फॅरेल आणि पीची या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात, वर्षाच्या आतल्या आणि आधीच घरच्यांवर आक्रमक असलेल्या कुत्र्यांच्या माद्यांमध्ये नसबंदीनंतर ती आक्रमकता वाढलेली दिसली होती. २०१९ मध्ये जवळपास ९,००० माद्यांच्या मालकांनी भरलेल्या माहितीवरून असं दिसलं, की अंडाशयांच्या हार्मोन्सचा सहवास आयुष्यात जितका कमी, तितकं भित्रेपणाचं आणि अस्वस्थतेचं वागणं जास्त. मालकांनी सांगितलेली माहिती, त्यामुळे यातून कारण सिद्ध होत नाही, हेही बाईंनीच सांगितलं. पण मुळात भित्री मादी असेल तर लहान वयात शस्त्रक्रियेची घाई बाई करत नाहीत. मैना तीन वर्षांची, चांगली वाढलेली, छत्री सोडली तर धीट. “हिच्या बाबतीत मला काळजी वाटत नाही. पण आजपासून वही घाला. कशी वागते ते रोज दोन ओळी लिहा. नाहीतर नंतर आठवणीवर भांडत बसाल.”

मग करायचंच कशाला, असं आईने विचारलं. गर्भाशयात पू होण्याची भीती आहे म्हणून. स्वीडनमधल्या पाळीव प्राण्यांच्या विम्याच्या नोंदींत नसबंदी न झालेल्या माद्यांपैकी जवळजवळ दर चारातल्या एकीला दहा वर्षांची होईपर्यंत हा आजार झालेला आढळला, आणि तो जिवावर बेततो. आईला हे पटायला दोन दिवस लागले.

दूध आटवायला औषध दिलं, आम्ही आणखी सात आठवडे थांबलो आणि शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम झाली. बेंबीखाली जेमतेम तीन बोटं लांबीची चीर, बारा दिवसांनी टाके काढले, सूज नाही की पू नाही. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार काही नाही, आणि हेच चांगलं.

पहिली रात्र मात्र कठीण गेली. मैना पहाटेपर्यंत एका सुरात कण्हत होती. डोळे उघडे, पण आमच्याकडे लक्षच नाही. मी “मैना, अगं मीच आहे” म्हणत होते आणि ती भिंतीकडे बघत होती. आईचं वाक्य कानात घुमत होतं. दवाखान्याने दिलेला रात्रीचा नंबर दोनदा वाजून बंद झाला. सकाळी बाई म्हणाल्या, भुलीच्या आणि वेदनाशामक औषधांचा अंमल उतरताना काही कुत्री अशी भ्रमिष्टासारखी वागतात. हे घरी पाठवताना का सांगितलं नाही? कागदावर टाक्यांच्या दहा सूचना होत्या, याची एक ओळ नव्हती. इतक्या चांगल्या दवाखान्याकडून मला ही अपेक्षा नव्हती, आणि मी ते त्यांना तोंडावर सांगितलंही.

पुढचे बारा दिवस, टाके चाटू नयेत म्हणून, गळ्यात शंकू. दाराच्या चौकटीला धडकायची, दचकायची आणि जवळ जो असेल त्याच्यापासून लांब पळायची. मुलगा रडला, “ती आता आपली नाही राहिली.” वहीत अकराव्या दिवशी मीही लिहिलंय: ‘कुणाजवळ येत नाही.’ शंकू निघाला त्याच रात्री जेवताना पावलावर काहीतरी ऊबदार आलं. उजवा पंजा. मी ताटावरून उठूच शकले नाही.

तिसऱ्या महिन्यापासून ती सुस्तावू लागली. चेंडू टाकला तर दोनदा आणायची आणि बसायची. मला वाटलं, हाच तो बदल, हीच ती शांतता. सहाव्या महिन्यात वजन केलं तर सोळा किलो शंभर ग्रॅम. नसबंदीनंतर शरीराची गरज साधारण पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्याने कमी होते आणि भूक उलट वाढू शकते. आम्ही तीच वाटी भरत होतो, वर ती मागते म्हणून आणखी देत होतो. ही दवाखान्याबद्दलची माझी दुसरी तक्रार. टाके काढायला गेलो त्याच दिवशी हे सांगायला हवं होतं. खाणं पाव हिश्श्याने कमी केलं, फिरणं वाढवलं. चार महिन्यांत वजन साडेचौदावर आलं आणि चेंडूही परत आला. आळस स्वभावात आला नव्हता, अंगावर चढला होता.

आता वही सांगते ते. छत्री: अजून पलंगाखाली. हेल्मेट: अजून तोच दंगा. शेजारच्या कुत्रीशी वैर तसंच आहे. ते हीटच्या दिवसांतलं असेल असं मला वाटायचं, तसं नव्हतं. रात्री पायरीवरचा आवाज आधी ऐकते तीच. गेलं ते एवढंच: वर्षातून दोनदा येणारी ती बेचैनी, पावलापावलाला मुतत चालणं, फाटकाबाहेर जमणारे नर आणि कपाटामागचं बिऱ्हाड. बदक आता हॉलमध्ये मधोमध पडलेलं असतं, मुलगा ते उचलतो आणि ती शेपूट हलवत त्याच्या मागे धावते. काही माद्यांना, विशेषतः मोठ्या अंगाच्या, पुढे झोपेत लघवी गळण्याचा त्रास होऊ शकतो, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. मैनाला अजून तरी नाही.

दवाखान्याला पाचपैकी चार तारे देतेय. एक कापला तो त्या रात्रीच्या फोनसाठी आणि वजनाबद्दल न सांगितल्यासाठी. चार आहेत ते मात्र मनापासून आहेत, आणि ते शस्त्रक्रियेपेक्षा ‘आत्ता नाही’ म्हणण्यासाठी जास्त.

धाकट्या बहिणीची कुत्री आठ महिन्यांची आहे. घरी कुणी आलं की सोफ्यामागे जाऊन थरथरते. तिला त्याच बाईंकडे दाखवून आणलं. त्या अर्धा तास जमिनीवर बसल्या, तरी ती सोफ्यामागून बाहेर यावं तशी बहिणीच्या पायांमागून बाहेर आली नाही. बाईंनी तारीख दिलीच नाही. आधी हिची भीती कमी करू, एक-दोन हीट होऊ द्या, तोवर नरांपासून जपा, म्हणाल्या. बहिणीने परतीच्या वाटेवरच वही घेतली.