स्क्रोल वाचायचा कोणी? तीन नियमावल्या शेजारी ठेवून

रविवारी लोकलचा मेगाब्लॉक लागला की ठाण्याच्या रोलप्लेइंग गेमच्या (पात्रं घेऊन, फासे टाकून खेळायच्या कथाखेळाच्या) टेबलावर ऐरोली-वाशीकडचे खेळाडू हमखास कमी भरतात. त्यात नेमका विझार्ड (जादूगार) खेळणाराच अडकला, तर पार्टीच्या, म्हणजे पात्रांच्या गटाच्या, झोळीतला फायरबॉलचा (आगीच्या गोळ्याच्या मंत्राचा) स्क्रोल, म्हणजे मंत्र लिहिलेली गुंडाळी, वाचणार कोण? नवीन कॅम्पेन (अनेक बैठका चालणारी कथा) सुरू करताना डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती, पाथफाइंडर एक की पाथफाइंडर दोन, असा प्रश्न असेल तर या एका स्क्रोलवरून बरंच काही ठरवता येतं. तिन्हीकडे स्क्रोल एकदाच चालतो आणि फायरबॉल तिसऱ्या पातळीचा आहे. बाकी जवळपास सगळं वेगळं.

आधी पाचवी आवृत्ती. स्पेल (मंत्र) तुमच्या क्लासच्या, म्हणजे पात्राच्या पेशाच्या, यादीत असेल तरच स्क्रोल वाचता येतो, नाहीतर ती अक्षरं म्हणजे नुसत्या रेघोट्या. म्हणजे फायटर (लढवय्या) बाद, ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) हाही बाद. यादीत आहे, पण तेवढ्या वरच्या पातळीचं स्पेल अजून टाकता येत नाही, तर १० अधिक स्पेलची पातळी इतक्या डीसीचा (गाठायच्या आकड्याचा) रोल वीस बाजूंच्या फाशाने करायचा. तिसऱ्या लेव्हलचा (लेव्हल पात्राची, पातळी स्पेलची), इंटेलिजन्स (बुद्धी) १६ असलेला विझार्ड घ्या. डीसी १३, त्या १६ मुळे मॉडिफायर (रोलमध्ये मिळवायचा आकडा) +३, म्हणजे फाशावर १० किंवा वर हवं. शक्यता ५५ टक्के. हुकला तर स्पेल कागदावरून गायब, आणि बदल्यात काहीच नाही. पाचव्या लेव्हलला पोचला की हा रोल लागतच नाही.

इथे एक बारकावा बऱ्याच टेबलांवर सुटतो: सेव्ह डीसी (स्पेलपासून वाचायला समोरच्याने गाठायचा आकडा) स्क्रोलची असते, वाचणाऱ्याची नव्हे. तिसऱ्या पातळीच्या स्क्रोलला १५, अटॅक बोनस (स्पेलने नेम धरताना रोलमध्ये मिळवायचा आकडा) +७. वरच्या विझार्डची स्वतःची डीसी १३, म्हणजे लहान विझार्डच्या हातात स्क्रोल त्याच्यापेक्षा भारी. पुढे स्वतःची डीसी १७ झाली की उलट होतं, आणि जुना स्क्रोल झोळीत पडून राहतो.

पाथफाइंडर एक हिशेबी माणसांसाठी आहे. आधी स्क्रोलवर काय लिहिलंय ते उलगडायचं: रीड मॅजिक हे स्पेल टाका, नाहीतर स्पेलक्राफ्टचा (जादू ओळखण्याच्या कौशल्याचा) रोल, डीसी २० अधिक पातळी, म्हणजे आपल्या उदाहरणात २३. मग स्पेल यादीत हवं, इंटेलिजन्स निदान १३ हवं, आणि स्क्रोल अर्केन (विझार्डच्या जादूचा) आहे की डिव्हाइन (देवाकडून मिळालेल्या जादूचा) तेही जुळायला हवं. कास्टर लेव्हल (स्पेल टाकण्यापुरती मोजली जाणारी लेव्हल) कमी पडली तर डीसी स्क्रोलच्या कास्टर लेव्हलपेक्षा एक जास्त. फायरबॉलचा स्क्रोल सहसा कास्टर लेव्हल ५ चा, तेव्हा तिसऱ्या लेव्हलच्या विझार्डला डीसी ६ वर +३. फक्त १ किंवा २ पडला तरच हुकतो: १० टक्के. हुकल्यावरही विझडमचा (शहाणपणाचा) डीसी ५ चा रोल मिळतो. तोही गेला तरच स्क्रोल उलटतो. विझडम १० धरलं तर स्क्रोल उलटण्याची एकूण शक्यता २ टक्के. पाचव्या आवृत्तीच्या ४५ टक्क्यांपुढे हे फारच मवाळ. पण नुकसान ५डी६ (सहा बाजूंचे पाच फासे), सेव्ह डीसी १४. पाचव्या आवृत्तीत तोच फायरबॉल ८डी६ चा.

विझार्ड आलाच नाही तर? इथे यूज मॅजिक डिव्हाइस हे कौशल्य कामाला येतं: डीसी २० अधिक कास्टर लेव्हल, म्हणजे २५. तिसऱ्या लेव्हलच्या ‘रोग’चा (चोर-भामट्या क्लासचा) बोनस +८ असेल तर १७ किंवा वर पडायला हवं, २० टक्के. शिवाय त्याचं इंटेलिजन्स १३ नसेल तर तेही सोंग वेगळ्या रोलने वठवावं लागतं. दोन-तीन रोलमागे पाच मिनिटं जातात, आणि संध्याकाळी क्लबहाऊस रिकामं करून द्यायचं असेल तर ती पाच मिनिटं जाणवतात.

पाथफाइंडर दोनमध्ये पातळीसाठी रोलच नाही. स्पेल तुमच्या यादीत असलं की झालं, आणि डीसी तुमची स्वतःची. फायरबॉल अर्केन आणि प्रायमल (निसर्गाची) या जादूच्या दोन्ही परंपरांत आहे, म्हणून ड्रुइडही वाचू शकतो. क्लेरिक (देवाचा पुजारी) मात्र सहसा नाही. किंमत ३० सोन्याची नाणी. (पाथफाइंडर एकमध्ये ३७५, पण दोन्ही खेळांतल्या सोन्याची किंमत वेगळी, तेव्हा आकडे थेट ताडू नका.)

इथली अडचण ॲक्शनची, एका पाळीत त्या तीनच. स्क्रोल एका हातात धरलेला हवा. बाहेर काढायला एक ॲक्शन, फायरबॉलला दोन, संपली पाळी. तलवार-ढाल घेतलेल्याला आधी काहीतरी खाली ठेवावं लागतं. ज्याच्या यादीत स्पेल नाही त्याला ट्रिक मॅजिक आयटम हा फीट (निवडून घ्यायची खास क्षमता) आहे, पण त्यालाही एक ॲक्शन जाते आणि त्याचा परिणाम त्याच पाळीपुरता. चार ॲक्शन होतात, मिळतात तीन! त्यामुळे स्क्रोल आदल्या पाळीतच हातात हवा. नवे खेळाडू हटकून इथेच फसतात. फीटने वाचलेल्या स्क्रोलची डीसीही लंगडी असते, तिसऱ्या लेव्हलला साधारण १४.

स्पेलबुकात (विझार्डच्या मंत्रवहीत) उतरवून घेण्याच्या बाबतीत पाचवी आवृत्ती सगळ्यात कठोर. डीसी १३ चा अर्काना (जादूच्या ज्ञानाचा) रोल, ६ तास, १५० नाणी. जमो वा न जमो, स्क्रोल नष्ट. पाथफाइंडर एकमध्ये डीसी १८, पण हुकलं तर स्क्रोल शाबूत राहतो. स्वतः स्क्रोल लिहायचा असेल तर पाचव्या आवृत्तीत नियम कुठल्या वर्षाचे ते आधी ठरवा: २०१७ च्या पुरवणीप्रमाणे फायरबॉलला एक आठवडा आणि ५०० नाणी, २०२४ च्या पुस्तकाप्रमाणे ५ दिवस आणि १५०. टेबलावर दोन्ही पुस्तकं असली की वाद ठरलेला.

दर रविवारी तेच चार-पाच जण येत असतील आणि त्यात विझार्ड पक्का असेल, तर पाचवी आवृत्ती पुरते. हजेरीचा भरवसा नसेल तर पाथफाइंडर दोन घ्या. पाथफाइंडर एक फक्त तेव्हाच, जेव्हा टेबलावर निदान दोघांना नियम तोंडपाठ आहेत.

बाल्डर्स गेट ३ खेळून आलेले हमखास विचारतात, कोणीही स्क्रोल का वाचू शकत नाही? त्या व्हिडिओगेममध्ये खरंच कोणीही वाचतो. पाचव्या आवृत्तीत ती मुभा द्यायची असेल तर फुकट देऊ नका. यादीत स्पेल नसलेल्याला अर्काना रोल लावा, डीसी १० अधिक पातळी, आणि हुकल्यास २०१४ च्या डीएम (खेळ चालवणाऱ्याच्या) पुस्तकातला ऐच्छिक गडबडीचा तक्ता. त्यात आधी इंटेलिजन्सचा डीसी १० चा सेव्ह (बचावाचा रोल), तो गेला तर डी६: १ पडला तर पातळीमागे १डी६ फोर्स नुकसान वाचणाऱ्यालाच, ६ पडला तर स्पेल १डी१२ तासांनी सुरू. रिव्हिव्हिफायसारख्या (मेलेल्याला उठवणाऱ्या) स्क्रोलवर मात्र ही मुभा ठेवू नका, नाहीतर क्लेरिक खेळणाऱ्याला करायला काही उरत नाही.

कुठलाही खेळ निवडा, स्क्रोलची कार्डं आधीच छापून ठेवा. एका ए-फोरवर आठ मावतात. पाचव्या आवृत्तीच्या कार्डावर पातळी, सेव्ह डीसी आणि अटॅक बोनस. पाथफाइंडर एकच्या कार्डावर पातळी, सेव्ह डीसी, कास्टर लेव्हल आणि अर्केन की डिव्हाइन. पाथफाइंडर दोनला रँक (म्हणजेच पातळी) आणि परंपरा पुरे, कारण डीसी वाचणाऱ्याच्या कॅरॅक्टर शीटवर असते.