टिलांडसिया आयोनांथा: पुण्यातले तिन्ही ऋतू पाहिल्यावर

मातीशिवाय वाढणारं झाड म्हणून हे विकलं जातं आणि ते खरंच तसं वाढतं. पण सोबत ‘याला काहीच करावं लागत नाही’ असं जे सांगतात, त्यावर विसंबून घेऊ नका. पुण्याच्या बाल्कनीत उन्हाळा, पावसाळा आणि थंडी काढून झाल्यावरचं मत असं: रोप चिवट आहे, पैसे वसूल होतात, आणि दगावलंच तर ते बहुधा पाण्यावाचून नाही, न सुकल्यामुळे दगावतं.

हे अननसाच्या कुळातलं, मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. तिथे ते झाडांच्या फांद्यांवर बसतं, पण बांडगुळासारखा त्यांचा रस ओढत नाही. मुळं फक्त धरून राहण्यापुरती. पाणी आणि क्षार घेतात ते पानांवरचे बारीक रुपेरी खवले. म्हणून कोरडं रोप राखाडी दिसतं आणि पाण्यात बुडवलं की बघता बघता हिरवंगार होतं. ओले खवले पारदर्शक होतात आणि खालचा हिरवा रंग दिसू लागतो. पुन्हा रुपेरी झाक आली की वरून सुकलं. तहान मात्र पानाच्या कडांवरून ओळखायची. त्या आत वळून पान पन्हळीसारखं झालं, की पाणी कमी पडतंय.

मार्च ते मे आठवड्यातून दोनदा, थंडीत एकदा, प्रत्येक वेळी 20 ते 30 मिनिटं पूर्ण बुडवून ठेवायचं. नुसत्या फवाऱ्यावर पुण्याचा एप्रिल निघत नाही. भिजवायचं सकाळीच. हे रोप पानांवरची रंध्रं रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतं. रात्री पान ओलं राहिलं, तर पाण्याच्या थरामुळे तेच अडतं.

बाहेर काढल्यावर उलटं धरून चांगलं झटका. मध्यभागी साठलेलं पाणी हाच खरा शत्रू. मग जाळीवर उपडं ठेवा, पंखा लावा. चार तासांत ते पूर्ण सुकलं पाहिजे. जुलैतली झड लागली की हे जमत नाही, म्हणून साधा नियम ठेवा: दोरीवरचे कपडे वाळत नसतील त्या आठवड्यात रोप भिजवायचं नाही. हवेतला ओलावा त्याला तेवढे दिवस पुरतो. पावसाच्या माऱ्यातून मात्र आत घ्या. कुजायला लागलं की बुडखा काळपट आणि मऊ पडतो, मधली पानं हलक्या ओढीने हातात येतात. त्या अवस्थेतून ते रोप परत येत नाही. बाजूला टणक पिल्लू असेल तर तेवढं सोडवून घ्या.

पाणी कुठलं, यावर बरंच अवलंबून आहे. पावसाचं साठवलेलं सर्वांत उत्तम, नळाचं रात्रभर उघडं ठेवून चालतं. बोअरवेलचं किंवा उन्हाळ्यात सोसायटीत येणारं टँकरचं जड पाणी टाळा. त्यातले क्षार खवल्यांवर बसतात आणि पानं पांढरट, खरखरीत होतात. आरओचं शुद्ध पाणी चालेल, त्याच्या नळीतून वाया जाणारं नको.

तांब्याबद्दल विशेष सावध राहा, कारण आपल्याकडे ते घरोघरी असतं. या कुळाला तांबं विषारी आहे. तांब्याच्या तारेने बांधू नका, तांब्याच्या हंड्यातलं पाणी देऊ नका, आणि बागेत बोर्डो मिश्रण किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड ही तांबं असलेली बुरशीनाशकं फवारताना हे रोप आधी दूर न्या. बांधायला नायलॉनचा दोरा किंवा मासेमारीची तंगूस उत्तम. लाकडाच्या ओंडक्यावर, नारळाच्या करवंटीवर, कुठेही बसवा, फक्त बुडख्याभोवती ओलं मॉस गुंडाळू नका. काचेचा बंद गोळा शोभेला छान दिसतो. आत हवा खेळत नाही, म्हणून नकोच.

उजेड भरपूर हवा. पूर्वेच्या बाल्कनीतलं नऊ-दहापर्यंतचं ऊन मानवतं. पश्चिमेचं मे महिन्यातलं ऊन पानांवर तपकिरी चट्टे पाडतं, तिथे 50 टक्क्यांची शेडनेट लागेलच. घराच्या आतल्या कोपऱ्यात रोप जगतं, पण पानं लांबट होतात आणि फूल येत नाही.

खताला हात आखडता ठेवा. 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरला पाव ग्रॅम, महिन्यातून एकदा, भिजवण्याच्या पाण्यातच. कडाक्याच्या थंडीत आणि झडीत बंद. पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण दिसला, तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून टिपून घ्या.

फुलायच्या आधी मधली पानं लालभडक होतात आणि त्यातून जांभळी, नळीसारखी फुलं पिवळे परागकोश घेऊन बाहेर येतात. प्रत्येक फूल एक-दोन दिवसांचंच, लाली बरीच टिकते. एक रोप आयुष्यात एकदाच फुलतं. नंतर बुडाशी पिल्लं येतात आणि मूळ रोप सावकाश वाळत जातं. याला बिघाड समजून टाकून देऊ नका. पिल्लू आईच्या निम्म्याएवढं झालं की हळूच पिळून वेगळं करता येतं. आमच्या मते वेगळं करूच नये, झुपका जास्त देखणा होतो. मात्र गच्च झुपक्याच्या आत पाणी अडकतं, म्हणून तो दुप्पट झटकावा लागतो.

घेताना बुडखा बोटांनी दाबून पाहा, टणक हवा. निळ्या-गुलाबी रंगात रंगवलेली रोपंही मिळतात. रंगाने खवले बुजतात, ती घेऊ नका. अस्सल लाली मधल्या पानांवर दिसते, बाहेरच्या पानांकडे ती कमी होत जाते.