कोल्ड स्टोरेजसाठी घेतलेली हीटरवाली लिथियम बॅटरी

गोव्यात बॅटरीला कसली थंडी लागतेय असं सगळेच म्हणतात, पण आमचं कुटबण जेटीजवळ मासळीचं कोल्ड स्टोरेज आहे, फ्रीझर उणे १८ ला, आणि बॅटरी त्याच्या आधीच्या लोडिंगच्या खोलीत, कारण उघड्यावर ठेवली तर खारा वारा टर्मिनल खाऊन टाकतो. ती खोली शून्याच्या आसपास असते, गाडी भरताना फ्रीझरचं दार उघडं राहिलं की अजून खाली जाते. कॉम्प्रेसरला जनरेटर आहे. बॅटरीवर इमर्जन्सी लाइट, टेंपरेचर रेकॉर्डर, आणि सगळ्यात महत्त्वाचं, आत माणूस अडकला तर दाबायचं अलार्मचं बटण. लाइट गेल्यावर ते वाजलंच पाहिजे, म्हणून इथे मी पैसे बघत नाही.

आधी लीड अ‍ॅसिड होती. तिच्यावर छापलेले अ‍ॅम्पिअर-अवर, म्हणजे तिची क्षमता, २७ डिग्रीचे असतात, शून्याला साधारण ८० टक्केच मिळतात, उणे २० ला तर निम्म्याच्या आसपास. शिवाय थंडीत तिला चार्जिंगचं व्होल्टेज जास्त लागतं, टेंपरेचर सेन्सर नसलेला चार्जर ते देत नाही आणि बॅटरी कायम अर्धपोटी राहते.

आता लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली, १२ व्होल्ट १०० अ‍ॅम्पिअर-अवर. महाग आहे, पण थंडीत अलार्म आणि लाइट दमदार चालतात. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, ब्रोशरवर मोठ्या अक्षरात "उणे २० ला चालते" लिहिलंय ते फक्त डिस्चार्जचं, म्हणजे बॅटरीतून वीज काढण्याचं. शून्याखाली चार्ज केली तर सेलच्या आत लिथियमचा थर बसतो आणि बॅटरी कायमची खराब होते, म्हणून आतलं बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) चार्जिंगच बंद करतं. बिनहीटरची घेतली असती तर एकदा उतरल्यावर ती भरलीच नसती. हिच्यात लाइट आली की चार्जरचा करंट आधी हीटरला जातो, सेल ५ डिग्रीला आले की मग चार्जिंग सुरू. म्हणजे पावसाळ्यात लाइट परत परत जाते तेव्हा मधला वेळ नुसता गरम होण्यातच जातो, त्यामुळे साइज हिशेबापेक्षा मोठीच घ्या.

ब्लूटूथचं अ‍ॅप पत्र्याच्या इन्सुलेटेड पॅनलमधून बाहेर पकडत नाही, दर वेळी आत जावं लागतं. लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सारखंच दिसतं, त्यावरून चार्ज किती उरलाय ते कळत नाही, शंटवाला मीटर (आत-बाहेर जाणारा करंट मोजून उरलेला चार्ज सांगणारा) वेगळा घ्यावा लागला, तो सोबतच द्यायला हवा होता. दार उघडलं की आपली दमट हवा आत येऊन पेटीवर पाणी सुटतं, फिटिंगवाल्याने टर्मिनलना ग्रीस लावून पेटी जमिनीपासून वर बसवली, काम चोख.

तुमच्याकडे बाहेर कोरडी खोली असेल तर बॅटरी तिथेच ठेवा आणि फक्त वायर आत न्या, मग हीटरचा खर्च नको. आमच्यासारखी जागा असेल तर बिनधास्त घ्या. पाचातले चार स्टार, एक मीटरसाठी कापला.